जोशी, पाद्री आणि सोंगाड्या

सुरत–भुसावळ लोहमार्गावर नवापूर मागे टाकून गाडी नंदुरबारकडे निघाली, की वाटेत चिंचपाडा लागतं. नवापूर तालुक्यातलं हे गाव बाहेरच्यांना माहीत असतं ते दोन गोष्टींमुळे. एक रेल्वे स्टेशन, दुसरं ख्रिस्ती रुग्णालय. रुग्णालय १९४२ सालचं. सर्पदंश झालेला, क्षयाने खंगलेला, बाळंतपणात अडलेली, असे सगळे आजूबाजूच्या पाड्यांवरून तिथे येतात. त्यातले किती जण आधी भगताकडे जाऊन आले, हा प्रश्न या भागात कुणाला फारसा वेगळा वाटत नाही. मार्गशीर्षात याच पट्ट्यातले पुरुष डोंगऱ्या देवाचं व्रत धरतात, पावरीच्या सुरावर रात्र रात्र नाच चालतो. रविवारी चर्चमध्ये मावचीत गाणी होतात. महाशिवरात्रीला गुजरातेतल्या सागबारा तालुक्यात, देवमोगऱ्याला, याहामोगीच्या जत्रेसाठी बांबूच्या टोपल्यांत नवं धान्य घेऊन माणसं जातात. आणि गळ्यात माळ घालून दारू-मटण सोडलेली भक्त मंडळीही आहेत. चारही वाटा एकाच भावकीतून फुटलेल्या असू शकतात.

अशा ठिकाणी श्रद्धेबद्दल बोलायचं कुठे? ग्रामसभेत बोललं तर भांडण होतं, चर्चमध्ये बोललं तर प्रवचन होतं, पंगतीत बोललं तर सोयरीक मोडते.

बोललं जातं ते सोंगाड्या पार्टीच्या मांडवात.

नंदुरबार जिल्ह्यात आणि सीमेपलीकडे उच्छल, सोनगढ, सागबारा या गुजरातच्या तालुक्यांत आदिवासींची ही नाट्यपरंपरा आहे. ‘पार्टी’ हा शब्द लोकांचाच. लग्नाचा हंगाम, होळीचे दिवस, एखादी जत्रा. जेवणं उरकली की वाद्यं लागतात. बोली मावची, वसावी किंवा देहवाली, ज्या गावात जी चालते ती. मधूनच एखादा मराठी किंवा गुजराती संवाद येतो, तो बहुधा साहेबाच्या तोंडी. बायकांची कामं पुरुषच करतात. गाणं, नाच आणि त्यांच्या मधल्या जागेत घुसवलेले प्रवेश यांवर रात्र काढायची असते. संहिता लिहिलेली नसते. गोष्टीचा सांगाडा ठरलेला असतो आणि बाकीचं समोर कोण बसलंय ते पाहून भरलं जातं. त्यामुळे कालच्या गावातलं नाटक आज दुसऱ्या गावात वेगळं होतं. मुंबई-पुण्यात ज्याला ‘नवं नाटक’ म्हणायला जाहिरात आणि मुहूर्त लागतो, ते इथे रोज रात्री आपोआप घडतं.

विषय घरचेच असतात. ऊसतोडीला गुजरातेत गेलेलं आणि परत येताना वेगळ्याच चालीने चालायला लागलेलं पोर, दारूत बुडालेला बाप, देजाची म्हणजे वधूमूल्याची घासाघीस, जंगलखात्याचा माणूस, आणि अर्थातच देव. देव आला की भगत आला. आणि हल्लीच्या काळात भगत आला की त्याच्यासमोर प्रार्थना करणाराही येतो.

इथे मराठी नाटकाच्या इतिहासातली एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण तिच्यात हीच पात्रं आहेत. १८५५ साली जोतीराव फुल्यांनी ‘तृतीय रत्न’ लिहिलं. एक गरीब कुणबी, त्याची गरोदर बायको, त्यांना ग्रहदशेची भीती घालून कर्जात लोटणारा जोशी, त्यांना विचार करायला लावणारा पाद्री. आणि या सगळ्यांच्या मध्ये उभा राहून प्रेक्षकांशी थेट बोलणारा विदूषक. शेवटी नवरा-बायको शिकायला निघतात, तेही फुल्यांच्याच शाळेत. नाटककाराने आपल्याच शाळेची जाहिरात नाटकात केली असं कुणी म्हणेल, पण ती शाळा खरी होती आणि तिची गरजही खरी होती. फुल्यांनी हे नाटक दक्षिणा प्राइज कमिटीकडे पाठवलं. कमिटीने नाकारलं. छापून यायला १९७९ उजाडलं. म्हणजे श्रद्धेबद्दल उघड प्रश्न विचारणाऱ्या या सुरुवातीच्या मराठी नाटकाबद्दल चर्चा सुरू व्हायलाच सव्वाशे वर्षं लागली.

फुल्यांचा पाद्री हा बाहेरून आलेला, शहाणा, शांत माणूस आहे. आज चिंचपाड्याच्या आसपास नाटक लिहायचं तर तो तसा ठेवता येणार नाही. इथला पाळक बहुतेकदा इथलाच असतो, आडनाव गावित किंवा वसावे असतं, त्याचा चुलता डोंगऱ्या देवाला जातो. जोशी तर इथे नाहीच. त्याच्या जागी भगत आहे आणि भगत शोषक असतोच असं नाही. तो कधी वैदू असतो, कधी तंटा मिटवणारा, कधी गावात पाऊसपाण्याचे सण केव्हा करायचे ते ठरवणारा. फुल्यांच्या नाटकातलं एकच पात्र या भूमीत जसंच्या तसं चालतं, ते विदूषकाचं.

हा विदूषक पुढे दोन वाटांनी चालला. सत्यशोधक जलशांनी तमाशातला सोंगाड्या उचलला आणि त्याला भटभिक्षुकीवर सोडलं. आंबेडकरी जलशांनी, भीमराव कर्डकांसारख्या शाहिरांनी, त्याला चवदार तळ्याची आणि काळाराम मंदिराची गोष्ट दिली. दुसरी वाट नाट्यगृहात गेली. तिथे सोंगाड्याची जागा नाटककाराने घेतली आणि चर्चेची जागा वर्तमानपत्राने. ‘घाशीराम कोतवाल’ १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्यात रंगमंचावर आलं. एकोणीस प्रयोगांनंतर ते बसवणाऱ्या संस्थेच्या धुरिणांनीच थांबवलं. कलावंत बाहेर पडले, १९७३ मध्ये थिएटर अकॅडमी उभी राहिली आणि पुढच्या वर्षी नाटक पुन्हा सुरू झालं. १९८० साली ते बर्लिनला जायला निघालं तेव्हा पुन्हा गदारोळ. या सगळ्या वादात बोललं कोण? समीक्षक, पुढारी, वकील, संपादक. नाटकात ज्या ब्राह्मणांच्या ओळीची भिंत होते ती भिंत प्रेक्षागृहातही बसलेली होती, म्हणून तर ते इतकं झोंबलं. प्रेक्षक आणि विषय एकाच छपराखाली असले की नाटक झोंबतं.

नेमकं हेच जालना जिल्ह्यातल्या मंडळींना पुढे चाळीस वर्षांनी साधलं. राजकुमार तांगडे यांनी लिहिलेलं, नंदू माधव यांनी दिग्दर्शित केलेलं आणि संभाजी भगत यांच्या संकल्पनेतून व संगीतातून उभं राहिलेलं ‘शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला’ २०१२ मध्ये आलं. यम एका पगडीला बसेल असं डोकं शोधत पृथ्वीवर फिरतो, एवढ्याशा गोष्टीवर शिवाजी कुणाचा हा महाराष्ट्राचा सगळ्यात ज्वालाग्राही प्रश्न बेतलेला. नट मराठवाड्यातल्या खेड्यांतले, भाषा त्यांची, विनोद त्यांचा. हे नाटक बंद पाडण्याच्या धमक्यांपेक्षा त्याच्या प्रयोगानंतर चहाच्या टपरीवर झालेलं बोलणं जास्त महत्त्वाचं होतं. यमराज गडबडतो, डोकी मोजतो, लोक हसतात. हसता हसता आपण कुठल्या मापाचे हे ज्याचं त्याला कळतं.

गंभीर चेहऱ्याची नाटकंही झाली. प्रेमानंद गज्वी यांच्या ‘किरवंत’ने १९९१ मध्ये दाखवलं की अंत्यविधी करणारा ब्राह्मण ब्राह्मणांतच अस्पृश्य असतो, डॉ. श्रीराम लागूंनी ते केलं. २०१७ मध्ये नाशिकच्या प्राजक्त देशमुखांनी ‘संगीत देवबाभळी’त तुकोबाच्या आवलीला थेट रखुमाईसमोर बसवलं आणि विठोबाला शिव्या घालणारी बाई किती श्रद्धावान असू शकते ते दाखवलं. दोन्ही नाटकं तिकीट काढून आलेल्यांनी पाहिली. तिकीट काढून येणारा माणूस पटलं नाही तरी उठून बोलत नाही. सोंगाड्याच्या मांडवातला प्रेक्षक मात्र बोलतो. तो नटाला नावाने हाक मारतो, चूक काढतो, दहा रुपयांची नोट देऊन गाणं पुन्हा म्हणायला लावतो आणि कधी भडकून उठूनही जातो.

शहाद्याचे भिल्ल कवी वाहरू सोनवणे यांची ‘स्टेज’ नावाची कविता आहे, ‘गोधड’ या १९८७च्या संग्रहात. आदिवासींचं दुःख सांगायला स्टेजवर दुसरेच चढले आणि ज्यांचं दुःख ते खाली बसून ऐकत राहिले, असा तिचा आशय. सोनवणे स्वतः १९७२ पासून शहाद्याच्या श्रमिक संघटनेत होते. तिथल्या आंदोलनात सभा, मोर्चे आणि भाषणं यांची कमतरता नव्हती. तरी त्यांना ही कविता लिहावी लागली. मराठी रंगभूमीवर आदिवासी माणूस बहुतेक वेळा कसा आला हे आठवलं की ती कविता नाटकवाल्यांनाही लागू पडते. भोळा, शोषित, किंवा पार्श्वभूमीला नाचणारा. तो देवाबद्दल शंका घेताना, दोन धर्मांमध्ये हिशेब करताना, स्वतःच्याच भगताची नक्कल करताना क्वचितच दिसला. ते त्याने स्वतःच्या मांडवात केलं.

मात्र या मांडवालाही एक कुंपण आहे. डोंगऱ्या देवाच्या उत्सवात अंगात वारं येतं, त्याला कुणी सोंग म्हणत नाही. कोकणा समाजाच्या भवाड्यात, किंवा जव्हार-मोखाड्याच्या बोहाड्यात, लाकडी किंवा कागदाच्या लगद्याचा मुखवटा चढवून देव नाचतो. तिथे प्रेक्षक हात जोडतात. सोंगाड्यासमोर हसतात. तोच माणूस एका महिन्यात दोन्ही करू शकतो, आणि कुठे हसायचं, कुठे हात जोडायचे हे पाड्यातल्या सात वर्षांच्या पोरालाही कळतं. शहरातल्या भावना दुखावल्याच्या तक्रारी पाहिल्या, तर ही समज तिथे नाही असंच म्हणावं लागतं.

वारं आणि सोंग यांच्या सीमेवर या प्रदेशात एकदा फार मोठी गोष्ट घडली. १९२२ साली पालघरच्या किनाऱ्याकडून एक देवी निघाली. आधी देवीच्या रोगाच्या साथीच्या वेळी कोळ्यांमध्ये, मग डोंगराळ पट्ट्यात, मग दक्षिण गुजरात आणि खानदेशात. तिला सलाबाई म्हणत. गावोगाव मांडव पडले. अंगात आलेली माणसं डोकं घुमवत तिची आज्ञा सांगत: दारू-ताडी सोडा, मांस सोडा, रोज आंघोळ करा, दारूवाल्या सावकाराकडे काम करू नका. पुढे पुढे देवीच्या तोंडी गांधींचं नाव येऊ लागलं. डेव्हिड हार्डिमन या इतिहासकाराने १९८७ मध्ये या चळवळीवर अख्खं पुस्तक लिहिलं. आज्ञा पाळणारे ‘वरजेला’ आणि न पाळणारे ‘सरजेला’ अशी गावंच्या गावं विभागली गेली, तो वाद देवी गेल्यावरही राहिला. त्यानंतर दीड दशकाने तळोद्याजवळ मोरवडच्या गुला महाराजांनी लोकांना एकमेकांना ‘आप’ म्हणायला शिकवलं. ज्यांना सरकारी माणूस आणि सावकार ‘अरे-तुरे’शिवाय बोलत नव्हते त्यांनी एकमेकांना ‘आप’ म्हणणं हे दर सोमवारच्या आरतीइतकंच महत्त्वाचं होतं. आरतीला जमणारी गर्दी पाहून सरकार अस्वस्थ झालं. १९३८ मध्ये महाराज गेले.

म्हणजे धर्म बदलणं, देव बदलणं, एखादा देव सोडणं आणि परत धरणं ही इथे कालपरवाची गोष्ट नाही. मिशनऱ्यांआधीही ती होती, त्यांच्याबरोबरही आहे.

सोंगाड्याच्या कसोटीला उतरेल असा सगळ्यात अवघड विषय म्हणजे डाकीण. सातपुड्यात एखाद्या बाईला डाकीण ठरवून मारहाण, बहिष्कार, क्वचित खून असे प्रकार आजही घडतात. महाराष्ट्रात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी खून झाला, त्यानंतर आठवड्याच्या आत जादूटोणाविरोधी वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात कायदा झाला. दाभोलकरांच्या अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते नंदुरबारात डाकीण प्रथेविरुद्ध वर्षानुवर्षं काम करत आहेत. दाभोलकरांनंतर समितीने नाटकही हाती घेतलं. अतुल पेठे यांच्या शिबिरांतून कार्यकर्ते ‘रिंगणनाट्य’ शिकले. ‘सॉक्रेटिस ते दाभोलकर-पानसरे व्हाया तुकाराम’ हे त्यातलं गाजलेलं. रंगमंच नाही, पडदा नाही, लोकांनी केलेल्या गोलात प्रयोग. पेठे यांनी त्याआधी २०१२ मध्ये गो. पु. देशपांड्यांचं ‘सत्यशोधक’ पुणे महापालिकेच्या सफाई कामगारांना घेऊन केलं होतं, तेव्हा झाडू मारणाऱ्यांच्या तोंडून फुले ऐकताना पुणेकर चपापले होते.

रिंगणनाट्याचं मोल कमी नाही. पण रिंगणात उभा राहणारा कार्यकर्ता उत्तर घेऊन आलेला असतो. सोंगाड्याकडे उत्तर नसतं. त्याला उद्या त्याच भगताच्या शेजारी बसून जेवायचं असतं, म्हणून तो भगताची थट्टा करतो ती जरा जपून, आणि लगेच दवाखान्यातल्या कंपाउंडरचीही करतो, प्रार्थनेने ताप उतरवणाऱ्याचीही करतो. या समान वाटपात त्याचं धैर्य आहे की भित्रेपणा, यावर वाद घालता येईल. डाकीण ठरवलेल्या बाईच्या बाजूने ठामपणे उभं राहायचं तर थट्टेचं समान वाटप पुरत नाही. आणि मांडवात डाकिणीचं काम करणाराही पुरुषच असतो. ज्या पारंपरिक नाटकात बाई रंगमंचावर येतच नाही, त्यात तिच्यावरच्या आरोपाची सुनावणी कशी होणार? साडी नेसलेल्या पुरुषाच्या ठुमक्यावर सगळ्यात मोठा हशा मिळतो, हेही नोंदवायला हवं. लोककला म्हटलं की टीकाच करायची नाही, ही शहरी अभ्यासकांची सवय सोंगाड्यावर अन्यायच करते.

भाषेची गोष्ट वेगळी. नवापूर स्टेशन अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत. दोन्ही राज्यांत पसरलेल्या तिथल्या बाकावर बसून फोटो काढायला लोक थांबतात. पाटीवर हिंदी, इंग्रजी, मराठी, गुजराती. रूळ ज्यांच्या शेतांतून गेले त्यांची मावची त्यात नाही. ग्रियर्सनच्या भाषा-सर्वेक्षणाच्या १९०७च्या खंडात ती आहे, अरुण जाखडे यांनी संपादित केलेल्या २०१३च्या महाराष्ट्र खंडातही आहे. जनगणना तिला ‘भिली/भिलोडी’ या मोठ्या शीर्षकाखाली धरते. त्या शीर्षकाखाली २०११ मध्ये एक कोटीहून अधिक माणसं मोजली गेली, तरी राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टात तिला जागा नाही. नंदुरबारची लोकसंख्या त्याच वर्षी १६ लाख ४८ हजार, त्यातले ६९ टक्के अनुसूचित जमातींचे. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झालेला हा जिल्हा आपल्या बहुसंख्यांची भाषा शाळेच्या फळ्यापेक्षा सोंगाड्याच्या तोंडून जास्त ऐकतो. मावचीत छापील मजकूर शोधायला गेलं तर हाती लागतो तो बायबलचा नवा करार. नाटकाची संहिता सापडत नाही. राज्य सरकार ज्येष्ठ कलावंतांना २०२४ पासून दरमहा पाच हजार रुपये मानधन देतं. त्या अर्जासोबत कलाकारकीचे पुरावे जोडायचे असतात, आणि रात्री बोलून पहाटे विसरून जायच्या कलेचा पुरावा काय जोडायचा हा प्रश्न ज्याचा त्याने सोडवायचा. तरुण पार्ट्यांनी तो मोबाइलवर सोडवला आहे. प्रवेशांचे तुकडे यूट्यूबवर चढतात. तिथे एक अडचण मात्र नवी आहे: मांडवातली थट्टा मांडवात जिरत होती, मोबाइलवरची थट्टा संदर्भ सोडून पन्नास गावं फिरते आणि परत येते तेव्हा तिला दात फुटलेले असतात.

दात फुटायला निमित्तही आहे. धर्मांतर केलेल्या आदिवासींना अनुसूचित जमातींच्या यादीतून वगळावं ही मागणी कार्तिक उरांव यांनी १९६०च्या दशकाच्या अखेरीस संसदेत नेली होती. आता ती ‘डीलिस्टिंग’ या नावाने पुन्हा मोर्च्यांत आली आहे. अनुसूचित जातींच्या यादीला धर्माची अट आहे, जमातींच्या यादीला नाही, एवढा कायदा आज तरी स्पष्ट आहे. जुलै २०२५ मध्ये नवापूर परिसरातल्या अनधिकृत म्हटल्या गेलेल्या चर्चचा प्रश्न विधिमंडळात गाजला. ९ ऑगस्टला जागतिक आदिवासी दिनाच्या मिरवणुका निघतात, १५ नोव्हेंबरला बिरसा मुंडांच्या जयंतीला सरकारी ‘जनजातीय गौरव दिवस’ होतो. दोन्ही दिवशी स्टेज असतं, दोन्ही स्टेजवर बिरसा असतो, आणि दोन्ही बिरसा एकच गोष्ट सांगत नाहीत.

नाटकाला याहून तयार विषय मिळणार नाही. दोन भाऊ, एकच जमीन, एक जातीचा दाखला. एक भाऊ चर्चला जातो, दुसरा डोंगरावर. पात्रं लागतील चार-पाच: पाळक, भगत, मोर्चा काढणारा पुढारी, दाखला देणारा कारकून, आणि सगळ्यांच्या मध्ये सोंगाड्या. कारकुनाच्या कामाला माणूस लगेच मिळेल, पुढाऱ्याच्या कामासाठी तर भांडणं होतील. खरा प्रश्न पाळक आणि भगत कुणी व्हायचं हा आहे. चिंचपाड्याच्या आसपासच्या एखाद्या पार्टीने चर्चला जाणाऱ्याला भगत केलं आणि डोंगऱ्या देवाचं व्रत धरणाऱ्याच्या हातात बायबल दिलं, तर अर्धं नाटक तालमीतच होऊन जाईल.